वॉर्डात उसण भरली तिथपासून फिट सर्टिफिकेटपर्यंत

आमच्या जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) बॅचच्या ग्रुपवर अधूनमधून कुणीतरी विचारतंच की कंबर गेलीये, ईएसआयमधून, म्हणजे पगारातून कापला जातो त्या कामगार विम्यातून, रजेचे पैसे मिळतात का, कुठून सुरुवात करायची. दरवेळी व्हॉइस नोट पाठवून माझा घसा दुखायला लागला म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. मी पुण्यात एका खाजगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे, तेव्हा मेल ऑर्थो म्हणजे पुरुषांच्या हाडांच्या वॉर्डला होते, पगार १९,५००, म्हणजे ईएसआयच्या २१,००० च्या मर्यादेच्या आत. सरकारी सिस्टर्सचे रजेचे नियम वेगळे असतात त्यामुळे ईएसआयचं प्रकरण त्यांना लागू नाही, पण कंबरेचं सगळं लागू आहे.

दुखणं तसं आधीपासूनच होतं. मॉर्निंगला हँडओव्हर घेताना बरं असायचं, बाराच्या पुढे कंबरेत एक कढ यायला लागायचा, घरी जाऊन गरम पाण्याच्या पिशवीने शेकलं की दुसऱ्या दिवशी परत ड्युटी. सासूबाई म्हणायच्या बाळंतपणात शेक-शेगडी नीट झाली नाही, शेजारच्या काकू म्हणायच्या सिझरला कंबरेत इंजेक्शन दिलं ना त्याचं आहे हे, आणि हॉस्पिटलात विचारलं तर सगळे म्हणायचे वजन कमी कर. स्पायनलच्या, म्हणजे कंबरेतून भूल द्यायच्या त्या सुईने वर्षानुवर्षं कंबर दुखत राहते असं अभ्यासांत काही सापडलेलं नाही, मी स्वतः नर्स असून मलाही ते थोडं थोडं खरं वाटायचं, कारण आपल्याकडे बाईची कंबर दुखली की कारण तिच्या अंगातच शोधतात. ती आठ तास काय उचलते हे कुणी विचारत नाही.

८ ऑगस्ट २०२४ ची नाइट. वॉर्डात आम्ही दोघी सिस्टर आणि तीसच्या वर पेशंट. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण जनरल हॉस्पिटलच्या वॉर्डाला पाच पेशंटमागे एक नर्स असं आहे, टीचिंग हॉस्पिटलला तीनमागे एक, ते आम्ही परीक्षेत लिहून मार्क घेतले होते तेवढंच. मामा म्हणजे वॉर्डबॉय एकच, तोही दोन वॉर्डांत मिळून, आणि नेमका एका पेशंटला घेऊन एक्सरेला गेलेला. पहाटे अडीचच्या सुमाराला हिपचं ऑपरेशन झालेले एक काका बेडवरून खाली खाली सरकत पायाकडच्या रेलिंगला टेकले, त्यांना वर घ्यायचं होतं. वजन नव्वदच्या आसपास. कॉट जुनी, उंची वाढवायचं हँडल फिरत नव्हतं, त्यामुळे गुडघ्याच्या जरा वर एवढ्या उंचीवर वाकून ड्रॉ शीट (पेशंटच्या खालची आडवी चादर) धरून आम्ही दोघींनी एक दोन तीन म्हणून ओढलं आणि माझ्या कंबरेत अशी चमक निघाली की मी तिथेच कॉटची कड धरून उभी राहिले. सरळ होता येईना. घाम फुटला. काका बिचारे म्हणतात, सिस्टर तुम्ही बसा, मी बरा आहे.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. माझ्याबरोबरची सिस्टर केरळची, वयाने मोठी, तिने मला खुर्चीत बसवलं आणि पहिलं काम काय केलं तर इन्सिडेंट फॉर्म काढला. तारीख, वेळ, बेड नंबर, काय करत होतो, कॉटचं हँडल बंद आहे, मामा एक्सरेला गेला होता, आणि साक्षीदार म्हणून तिची सही. इन्चार्ज सिस्टर सकाळी म्हणाल्या, अगं कशाला ते, दोन दिवसांत बरी होशील, उगाच चौकश्या मागे लागतात. त्या वाईट नाहीत हो, त्यांनाही वरून ऐकावं लागतं. पण तो कागद तोवर ऑफिसात गेलेला होता, आणि त्याचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये राहिला. सुई टोचली की आपण ताबडतोब रिपोर्ट करतो, रक्त तपासायला पाठवतो, कंबरेचं मात्र कुणी लिहीत नाही. ज्या रात्री होईल त्याच रात्री लिहा, नंतर लिहिलेल्याला किंमत राहत नाही.

कॅज्युअल्टीत डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन दिलं, पाय सरळ उचलून बघितला, अंगठा वर ओढायला लावला, लघवीचं विचारलं. हे प्रश्न तुम्हीही स्वतःला विचारून घ्या कारण तिथे वेळ घालवायचा नसतो: पायातली ताकद कमी होत चाललीये का, लघवी-संडासचा ताबा गेलाय का किंवा लघवी अडकलीये का, मांड्यांच्या मधला भाग बधिर झालाय का, बरोबर ताप आहे का किंवा कारण नसताना वजन उतरतंय का. यातलं काही असलं तर फॉर्म-बिर्म बाजूला, सरळ मोठ्या हॉस्पिटलात. माझं तसं काही नव्हतं, डाव्या पायात पोटरीपर्यंत मुंग्या होत्या तेवढ्याच. रिक्षाने घरी आले, पावसाळ्यातले आमच्याकडचे रस्ते माहीतच आहेत, प्रत्येक खड्ड्याला देव आठवला.

त्या दिवशी नागपंचमी होती. तरी नवऱ्याने दुपारी मला तसंच उठवून ईएसआयच्या दवाखान्यात नेलं आणि ते फार बरं झालं. कारण असं की ईएसआयचे डॉक्टर सर्टिफिकेट देतात ते तुम्हाला तपासतात त्या दिवसापासून. चार दिवस घरी झोपून मग गेलात तर ते चार दिवस मागून लावून घेणं महा कटकटीचं, बाहेरच्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर भागेलच असं नाही. ई-पहचान कार्डावर तुमचा दवाखाना कुठला ते लिहिलेलं असतं, माझ्या कार्डावर माहेरच्या बाजूचाच दवाखाना राहिला होता, घर बदलल्यावर बदलून घ्यायचं राहूनच जातं. कार्डाची प्रिंट, आधार, बँक पासबुकची झेरॉक्स आणि कॅज्युअल्टीचा पेपर एवढं घेऊन गेलो. गर्दी होती, बसायला बाक होता पण मला बसवत नव्हतं म्हणून भिंतीला टेकून उभी. डॉक्टर मॅडमनी नीट तपासलं, पहिलं सर्टिफिकेट दिलं, पुढच्या आठवड्यात परत या म्हणाल्या. पहिलं, मग मधली मधली, आणि शेवटी फिटचं, म्हणजे कामावर जायला हरकत नाही असं सांगणारं, असं ते चालतं. दर आठवड्याला जावं लागणं जिवावर येतं, पण एकही खाडा करू नका, तारखांमध्ये भोक पडलं की तेवढ्या दिवसांचे पैसे अडकतात.

पैशांचं गणित सांगते, कारण यावरच सगळ्यांची गाडी अडते. आजारपणाचा लाभ म्हणजे सिकनेस बेनिफिट, तो रोजच्या सरासरी पगाराच्या ७० टक्के मिळतो, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस, आणि पहिले दोन दिवस वेटिंगचे कोरडे जातात. त्यासाठी आधीच्या ठराविक सहामाहीत कमीत कमी ७८ दिवसांचं कॉन्ट्रिब्युशन भरलेलं लागतं. माझं आजारपण जुलै ते डिसेंबरमधलं, त्याला मागच्या ऑक्टोबर ते मार्चची सहामाही धरतात, ती माझी पूर्ण होती. नव्याने लागलेल्या मुली इथे अडकतात. माझा रोज ६५० च्या आसपास धरला तर त्याचे झाले ४५५. पण काम करताना अपघात होऊन दुखापत झाली असं मान्य झालं तर तो वेगळा लाभ, तात्पुरत्या अपंगत्वाचा, तो ९० टक्के, म्हणजे ५८५, त्याला ७८ दिवसांची अटही नाही आणि रजा तीन दिवस किंवा जास्त असेल तर वेटिंगचे दिवसही कापत नाहीत. दोन्हीत रोजचा १३० रुपयांचा फरक. दीड-दोन महिन्यांची रजा असेल तर कुणाच्या घरचा किराणा निघतो त्यात.

आणि इथेच गोम आहे. ईएसआयच्या कायद्यात व्यवसायामुळे होणाऱ्या आजारांची यादी आहे, तिच्यात दवाखान्यात काम करणाऱ्यांना होणारे संसर्गाचे आजार आहेत, पण वर्षानुवर्षं पेशंट उचलून झिजलेली कंबर नाही. हळूहळू दुखायला लागली तर तो तुमचा घरगुती आजार, ७० टक्के घ्या आणि गप्प बसा. एका विशिष्ट क्षणी, विशिष्ट कामात, साक्षीदारासमोर उसण भरली तरच तो अपघात. म्हणून मी वर त्या कागदाचं एवढं पुराण लावलं.

अपघाताचा रिपोर्ट, ज्याला फॉर्म १२ म्हणतात, तो मालकाने म्हणजे हॉस्पिटलने ऑनलाइन भरायचा असतो. एचआरमधून उत्तर आलं की मॅडम तुमची कंबर आधीपासून दुखत होती ना, मग हा अपघात कसा. मग नुसते फोन. एकदा तर असंही सुचवलं गेलं की जास्त दिवस लागणार असतील तर राजीनामा देऊन बरं झाल्यावर परत जॉइन व्हा. माझ्या मावसभावाचे सासरे पूर्वी भोसरीच्या कंपनीत युनियनचं काम बघायचे, ते म्हणाले, तोंडी काही बोलू नकोस, सगळं ईमेलवर. त्यांनीच दोन कलमं सांगितली, जुन्या १९४८ च्या कायद्यातली, माझं प्रकरण त्यातच चाललं. एक ७३, आजारपणाचा लाभ चालू असताना कामावरून काढता येत नाही. दुसरं ५१अ, काम चालू असताना अपघात झाला तर उलट पुरावा नसेल तोपर्यंत तो कामामुळेच झाला असं धरायचं. मी इन्सिडेंट फॉर्मचा फोटो जोडून एक साधा मराठी-इंग्रजी ईमेल एचआरला केला, त्याची प्रत ईएसआयच्या शाखा कार्यालयात नेऊन आवकचा शिक्का मारून घेतला. भांडले नाही, खरंच नाही, भांडायची ताकद पण नव्हती. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात फॉर्म भरला गेला.

दरम्यान दुखणं. पहिले दोन-तीन दिवस नुसती झोपून, कूस बदलायची तरी तोंडातून आवाज निघायचा. मग दवाखान्यातून ईएसआय हॉस्पिटलच्या ऑर्थो ओपीडीला रेफर केलं, तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की जास्त झोपून राहू नका, घरात चाला. सासूबाईंना हे अजिबात पटलं नाही. लसूण घालून कडवलेलं तिळाचं तेल रोज चोळत होत्या, त्याने बरं वाटायचं हे खरं, शेकानेही वाटतं. एमआरआयसाठी मी मागे लागले होते. बाहेर चौकशी केली तर साडेसहा हजार. ऑर्थोच्या डॉक्टरांनी समजावलं की ताकद चांगली आहे, सहा आठवड्यांत बहुतेकांचं उतरतं, लगेच करून उपचारात काही बदलणार नाही. मुंग्या कमी होईनात म्हणून शेवटी त्यांनी लिहून दिला, ईएसआयशी करार असलेल्या टायअप सेंटरला फुकट, पण तारीख मिळाली गणपतीतली. ७ सप्टेंबरला गणपती बसले, माझी तारीख त्याच्या पुढच्या आठवड्यात, म्हणजे पुण्यात गाडी काढायची सोयच नाही. कुठला धातू अंगावर नको म्हणून मंगळसूत्र नवऱ्याच्या खिशात, आणि त्या नळकांड्यात ठकठक आवाज ऐकत पंचवीसेक मिनिटं उताणं पडून राहणं हीच मोठी परीक्षा. आत जायच्या आधी गुडघ्याखाली उशी मागून घ्या, देतात.

रिपोर्टमध्ये एल४-एल५ या कंबरेच्या मणक्यांमध्ये डिस्क बल्ज (मधली गादी फुगलेली), डेसिकेशन (ती सुकलेली), नसेवर किंचित दाब असं काय काय. वाचून मी रात्रभर रडले. इतकी वर्षं दुसऱ्यांचे असे रिपोर्ट फाइलला लावले पण स्वतःचं नाव वर असलं की सगळं ज्ञान जातं. फिजिओ मॅडमनी मग मला एक गोष्ट सांगितली जी प्रत्येक रिपोर्टच्या खाली छापायला हवी. २०१५ साली एक आढावा प्रसिद्ध झाला, कंबर अजिबात दुखत नसलेल्या ३,११० लोकांच्या स्कॅनचा, त्यात चाळिशीतल्या निम्म्या लोकांना डिस्क बल्ज निघाला होता. म्हणजे माझ्या वयाच्या धडधाकट बाईचाही एमआरआय काढला तर असंच काहीतरी लिहून येऊ शकतं. बल्ज आहे म्हणून आयुष्य संपलं असं नाही, आणि दुखतंय ते सगळं बल्जमुळेच असंही नाही.

फिजिओ मात्र मी घराजवळ खाजगी केली, एका वेळेचे ३५० रुपये, कारण ईएसआय हॉस्पिटलला रोज जाऊन येऊनच परत उसण भरली असती. सुरुवातीला मॅडमनी एक प्रश्नावली भरून घेतली, ओस्वेस्ट्री म्हणतात तिला, दहा प्रश्न, बसणं, चालणं, झोप, उचलणं, प्रवास असे. माझे आले ४४ टक्के, म्हणजे तीव्र. मशीन लावलं की छान वाटायचं, पण त्या म्हणाल्या मशीनने तुम्ही इथे रमाल, बऱ्या व्हाल त्या व्यायामाने. पोटावर झोपून हातांवर छाती उचलणं, उताणं झोपून कंबर उचलणं, आणि हात-गुडघ्यांवर येऊन उजवा हात डावा पाय लांब करणं, एवढंच, पण रोज. आणि चालणं. पट्टा सातशे रुपयांचा घेतला होता, तो फक्त प्रवासात लावायला सांगितला. मला खरी भीती वाकायची बसली होती, जमिनीवर पडलेला चमचा मुलाला उचलायला सांगायचे. ती भीती घालवायला जास्त दिवस लागले.

त्याच मॅडमनी एकदा मला वॉर्डातला पूर्ण दिवस सांगायला लावला आणि त्या नुसत्या लिहीत गेल्या. युरोबॅग (लघवीची पिशवी) रिकामी करायला खाली वाकणं, बसायला स्टूल नाही म्हणून वाकूनच सुई लावणं, सलाईनचे खोके खालच्या कप्प्यातून काढणं, दर दोन तासांनी कूस बदलून देणं, ट्रॉलीवरून बेडवर घेताना पुढे झुकून ओढणं आणि ओढता ओढता वळणं, रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीची सिस्टर, आली नाही की डबल ड्युटी. अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेच्या हिशोबाने पेशंट हाताने उचलायची मर्यादा साधारण १६ किलो धरतात, तीही परिस्थिती सोयीची असली तर. ८० किलोच्या माणसाचा नुसता एक पाय १२-१३ किलोचा भरतो. ऑर्थोला ड्रेसिंगसाठी प्लॅस्टरसकट पाय धरून उभं राहायचं म्हणजे त्यातच मर्यादा संपली, मग अख्खा माणूस दोघींनी ओढायचा हा प्रकार काय आहे बघा. आम्हाला फर्स्ट इयरला बॉडी मेकॅनिक्स शिकवलं होतं, गुडघ्यात वाका, वजन अंगाजवळ धरा, पाठ सरळ. खोटं नाही ते. पण नुसतं उचलायचं ट्रेनिंग देऊन कंबरदुखी टळते असं कोक्रेनच्या, म्हणजे सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या, आढाव्यातही दिसलं नव्हतं. खाली गेलेल्या कॉटवर, एकटीने, रात्री अडीचला गुडघ्यात वाकून काय होणार आहे? कॉटचं हँडल दुरुस्त करा, पेशंट सरकवायची गुळगुळीत स्लाइड शीट आणा, नाइटला दुसरा मामा द्या. आमच्याकडे दर वर्षी एक लेक्चर ठेवतात, पीपीटीवर बाईचं चित्र असतं, एकावर फुली एकावर बरोबरची खूण, चहा-समोसा आणि अटेंडन्सची सही.

सप्टेंबरच्या शेवटी ओस्वेस्ट्री परत भरली, १६ वर आली. ३० तारखेला, सोमवारी, फिट सर्टिफिकेट घेतलं. इथे अजून एक गोष्ट आधी माहीत असलेली बरी: त्या सर्टिफिकेटवर फिट असतं किंवा नसतं, हलकं काम द्या असा रकाना नसतो. म्हणून ऑर्थो ओपीडीतून वेगळ्या कागदावर वजन उचलू नये असं तीन महिन्यांसाठी लिहून आणा, फिट व्हायच्या आधीच, नंतर परत केस पेपर काढत बसावं लागतं. तो कागद मेट्रन मॅडमना दिला, त्यांनी आठवडाभर विचार करून मला ओपीडीत टाकलं. नाइट अलाउन्स गेला. वॉर्डातल्या दोघी-तिघी म्हणाल्या, मजा आहे बाई हिची. त्यांचंही चुकीचं नाही कारण माझ्या जागी माणूस दिलंच नाही, माझे पेशंट त्यांच्याच वाट्याला आले.

पैसे ७० टक्क्यांच्या हिशोबाने सप्टेंबरअखेर बँकेत जमा झाले. अपघाताचं प्रकरण शाखा कार्यालयात चाललं, त्यांनी हॉस्पिटलकडून खुलासा मागवला, केरळच्या सिस्टरला फोन करून विचारलं, मला एकदा बोलावून त्या रात्रीचं सगळं सांगायला लावलं. तिथले साहेब शांतपणे ऐकणारे होते. मार्च २०२५ मध्ये ते मान्य झालं आणि ७० ते ९० टक्क्यांमधला फरक आला, फिजिओचा सगळा खर्च निघेल एवढा नाही, पण आला. ज्यांची डिस्क खरंच सरकलीये आणि ९१ दिवस पुरत नाहीत त्यांनी एक्स्टेंडेड सिकनेस बेनिफिटचं विचारा, त्या आजारांच्या यादीत डिस्क प्रोलॅप्स आहे, ८० टक्के मिळतात, पण दोन वर्षं नोकरी झालेली लागते.

मी अजून ओपीडीतच आहे. जास्त वेळ उभी राहिले की दुखतं, व्यायाम दोन दिवस चुकवला की तिसऱ्या दिवशी कळतं. ती कॉट बदलली, त्याच जागी दुसरी आली, तिचं हँडल फिरतं असं ऐकलं. आणि हो, ईएसआयच्या कार्डावर माझं माहेरचं नाव होतं आणि पासबुकावर सासरचं, त्यामुळे पहिली रक्कम परत गेली होती आणि मॅरेज सर्टिफिकेटची झेरॉक्स देऊन ते दुरुस्त करण्यात आठवडा गेला. लग्न झालेल्या सगळ्यांनी आजच दोन्हीकडची नावं उघडून बघा, कंबर चांगली आहे तोवरच.